मागेल त्याला काम: एप्रिलमधला एक दिवस

पालघर जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात एप्रिल हा वर्षातला सगळ्यात अवघड महिना. कणगीतली नागली, वरई संपत आलेली असते. वीटभट्टीवर गेलेली काही कुटुंबं परतलेली असतात, काही अजून तिकडेच असतात. पावसाला दीड महिना असतो आणि पावसाआधी बियाणं घ्यायचं असतं. या दीड महिन्यात हाताला काम मिळालं नाही, तर घर कुणाकडून तरी पैसे उचलतं आणि दिवाळीनंतर ते पैसे फेडायला पुन्हा भट्टीवर जातं. जगातली टोकाची गरिबी कशी संपेल, यावर परिषदा होतात, अहवाल निघतात. ते अहवाल मी आवडीनं वाचते. पण मजुरांच्या एका छोट्या संघटनेचं काम करताना मला रोज दोनच प्रश्नांची उत्तरं शोधावी लागतात: काम कोणत्या तारखेला मिळणार आणि मजुरी कोणत्या तारखेला. पुढे लिहिलाय तो दिवस २४ एप्रिल २०२४, बुधवारचा.

पहाटे साडेपाच

या वेळी पाड्यावर पोचलं तरच माणसं घरात भेटतात. उजाडलं की बाया पाण्याला निघतात. विहिरीचा तळ दिसायला लागलाय, वाटीवाटीनं हंडा भरावा लागतो आणि त्यात दोन तास जातात.

एका घराच्या ओट्यावर बसून मी नमुना ४ भरायला घेते. नमुना ४ म्हणजे रोजगार हमीच्या कामाची मागणी. त्यात नाव, जॉबकार्डाचा क्रमांक, कुठल्या तारखेपासून काम हवं आणि किती दिवस, एवढंच लिहायचं असतं. एका अर्जात सलग किमान १४ दिवस मागायचे. साध्या कागदावर लिहिलं तरी कायद्याला चालतं, पण छापील नमुना असला की परत पाठवायला निमित्त उरत नाही.

नुकतीच भट्टीवरून आलेली एक तरुण बाई दारात उभी राहून ऐकते आहे.

"ताई, माझं नाव नको. शेठचा हिशेब राहिलाय."

"किती राहिलाय?"

"तो सांगल तेवढा."

तिच्या या तीन शब्दांत सगळी व्यवस्था आली. पावसाळा सरता सरता मुकादम घरोघर फिरून उचल देतो. भट्टीवर आठवड्याला पोटापुरती खर्ची मिळते. हजार विटांमागे दर ठरलेला असतो, पण विटा किती पडल्या, खर्ची किती गेली आणि उचलीतलं काय फिटलं, हे सगळं मालकाच्या वहीत. ती वही हिनं आजवर पाहिलेली नाही. वेठबिगारीवर १९७६ च्या कायद्यानं बंदी आली, तिच्यातून आलेलं कर्जही त्यानं रद्द ठरवलं. पण कायद्याला तिच्या घरी यायला कुणाचे तरी पाय लागतात. मी तिला सांगते, गावात सरकारी काम मागायला शेठची परवानगी लागत नाही, आणि हिशेबाचं आपण वेगळं बघू, तुझ्यासोबत मी येईन. ती सासूकडे बघते. सासू म्हणते, "लिही तिचं नाव. माझ्या नावाखाली लिही."

पाण्याची वेळ होईपर्यंत २३ अर्ज होतात.

सकाळी सात

टेकडीच्या उतारावर समतल चर खोदायचं काम चालू आहे. उन्हाच्या आत जेवढं होईल तेवढं करायचं म्हणून सातला सगळे हजर. ग्रामरोजगार सेवक मोबाइल उंच धरून रांगेचा फोटो काढतो. दिवसातून दोनदा, चार तासांच्या अंतरानं, असा फोटो केंद्राच्या ॲपवर गेला तरच हजेरी लागते. फोटो रेंज नसताना काढता येतो, पण चढवायला रेंज लागते. ती वरच्या आंब्यापाशी मिळते, म्हणून त्याची रोज दोनदा चढण.

१ एप्रिलपासून महाराष्ट्रातला दर दिवसाला २९७ रुपये झालाय, त्याआधी २७३ होता. मात्र हे २९७ रुपये नुसत्या हजेरीचे नाहीत, मोजमापाचे आहेत. किती घनमीटर खोदलं आणि जमीन कुठल्या प्रकारची होती, त्यावर मजुरी निघते. इथे खरी लढाई असते, आणि बाहेरच्यांना ती दिसत नाही. माती, नरम मुरूम, कठीण मुरूम, प्रत्येकाचा दर वेगळा. कठीण मुरूम खोदून दमलेल्या टोळीच्या नावापुढे मोजमाप पुस्तिकेत नरम मुरूम लिहिला गेला, तर आठवड्याच्या शेवटी माणशी पन्नास-शंभर रुपये रोज कमी पडतो. कुणी पैसे खाल्ले असं म्हणता येत नाही, कागद बरोबरच असतो, आणि घरी मात्र कमी येतं.

त्यामुळे आम्ही टेप धरायला शिकतो. टोळीतली एक आठवी झालेली मुलगी रोज संध्याकाळी लांबी, रुंदी, खोली वहीत उतरवते. खोली नंतर कळावी म्हणून चराच्या मधे न खणलेल्या मातीचा एक ठोकळा ठेवायचा आणि पीटीओ, म्हणजे पॅनल तांत्रिक अधिकारी, मोजायला येईपर्यंत तो पाडायचा नाही. मुरूम कसला आहे हे दाखवायला टिकावाचं वाकलेलं टोक पुरतं. गेल्या आठवड्यात त्या मुलीची वही आणि पीटीओची पुस्तिका यांच्यात फरक निघाला. तिनं टेप पुढे केली, साहेबांनी पुन्हा मोजलं आणि आकडा दुरुस्त केला. दारिद्र्य निर्मूलनाच्या कुठल्याही मोठ्या शब्दापेक्षा मला ती मुलगी मोठी वाटते.

दोन पळसांना साडी बांधून सावली केली आहे. तिच्याखाली चार-पाच लेकरं. कामावर ५ किंवा अधिक लहान मुलं असतील, तर त्यांना सांभाळायला एका बाईला तीच मजुरी देऊन नेमायचं, असं कायदा सांगतो. पाणी, सावली, औषधाची पेटीही तोच सांगतो. मी रोजगार सेवकाला आठवण करते. तो वैतागतो, आणि त्याचं वैतागणं मला समजतं. त्याचं मानधन गावात झालेल्या मजुरी खर्चावर ठरतं. काम बंद पडलं की त्याच्याही घरी काही येत नाही. आम्ही एकमेकांच्या विरुद्ध बाजूला नाही, हे दोघांनीही विसरता कामा नये. शेवटी सांभाळणाऱ्या बाईचं नाव पुढच्या मस्टरमध्ये, म्हणजे हजेरीपटात, घ्यायचं ठरतं.

याच डोंगरात, जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत, १९९२ साली कुपोषणानं मुलं दगावली आणि महाराष्ट्र हादरला. त्या पळसाखालच्या सावलीकडे बघताना मला ती गावं आठवल्याशिवाय राहत नाहीत. आई भट्टीवर गेली की मूल अंगणवाडीतून तुटतं, वजन करणारं कुणी राहत नाही. आई गावात कामावर असली की ते सकाळचं खाऊन इथे येतं.

सकाळी नऊ

भाकरी. नागलीची, सोबत सुकट आणि लाल चटणी. कुणी मला उपाशी जाऊ देत नाही.

सकाळी साडेदहा

तालुक्याला जाणारी एसटी. शेजारी एक शिक्षक बसलेत, ओळखीचे, भले गृहस्थ. माझ्या मांडीवरचे अर्ज बघून म्हणतात, "तुमच्या या योजनेला पैसा पुरणार कसा हो? खड्डे खणायचे आणि बुजवायचे!"

मी त्यांना विचारते, "सर, तुमच्या पगारातून महिन्याला २०० रुपये पी.टी. कापली जाते ना, फेब्रुवारीत ३००? ती कशासाठी सुरू झाली माहीत आहे?"

त्यांना माहीत नव्हतं. फारच थोड्या नोकरदारांना माहीत असतं. महाराष्ट्रात व्यवसाय कर १९७५ साली आला तो रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी. शहरातल्या पगारदारानं खेड्यातल्या भूमिहीनाच्या कामाचा खर्च उचलायचा, असा करार या राज्यानं उघडपणे केला होता. त्यामागे दुष्काळ होता. १९७२-७३ साली पाऊस गेला आणि १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फुटली, रस्ते आणि पाझर तलाव झाले, सुकडी वाटली गेली. एवढ्या मोठ्या दुष्काळात माणसं भुकेनं मोठ्या संख्येनं मेली नाहीत, याचं श्रेय अभ्यासक त्या कामांना देतात. पण कल्पना दुष्काळाच्या आधीची. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापुरात तिचा प्रयोग केला होता. दुष्काळानं तिला राज्यभर नेलं, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मिळणं हा नागरिकाचा हक्क आहे असं कायद्यानं मान्य करणारं हे देशातलं पहिलं राज्य. देशाचा कायदा २००५ मध्ये आला, २ फेब्रुवारी २००६ पासून २०० जिल्ह्यांत अमलात आला आणि पुढे सगळ्या ग्रामीण भारतात पसरला. २००५ च्या त्या कायद्यात केंद्राची हमी १०० दिवसांची. त्यापुढचे दिवस महाराष्ट्रात राज्य सरकारच्या पैशातून मिळू शकतात, कारण आपला जुना कायदा वर्षभराची हमी देतो.

सर बराच वेळ गप्प होते. उतरताना म्हणाले, "हे शाळेत शिकवायला हवं." मी म्हटलं, "शिकवा ना, सर."

दुपारी बारा

पंचायत समिती. दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा तास हा.

अर्ज घेणं सोपं असतं, पोच मिळवणं अवघड. पोचेवर तारीख पडली की घड्याळ चालू होतं. त्या तारखेपासून १५ दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यायचा: पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान चौथा हिस्सा, पुढे किमान निम्मा. आज मागितलं तर ९ मेपर्यंत काम, नाहीतर दिवसाला ७४ रुपये २५ पैसे. तारीख पडली नाही, तर यातलं काहीच चालू होत नाही. कित्येक ठिकाणी असं होतं की माणसं मार्चमध्ये मागतात आणि संगणकात मागणी चढते ती काम उघडतं त्या दिवशी. मग देशाच्या आकडेवारीत दिसतं की जवळजवळ प्रत्येकाला मागितल्याबरोबर काम मिळालं. वाट बघण्यात गेलेले आठवडे कुठल्याच रकान्यात येत नाहीत.

टेबलापलीकडचा माणूस दमलेला आहे. निवडणुकीची कामं त्याच्याच अंगावर.

"ताई, आचारसंहिता चालू आहे. नवीन काम उघडता येत नाही."

मी निवडणूक आयोगाच्या सूचनेची प्रत पुढे करते. जॉबकार्डधारकानं मागितलं तर चालू कामावर त्याला घेता येतं. चालू काम पुरलं नाही, तर आधीच मंजूर झालेल्या, शेल्फवरच्या कामातून नवीन काम सुरू करता येतं.

"शेल्फवर तुमच्या गावची दोन कामं आहेत, पण अंदाजपत्रक जुनं आहे."

"मग नवं करून घेऊ. पण अर्ज आजचा घ्या."

"घेतो की. पोच कशाला? माझ्यावर विश्वास नाही का?"

हा प्रश्न मनाला लागतो, कारण माणूस वाईट नाही. मी सांगते, विश्वास आहे. पण तुमची बदली झाली की विश्वास कुणाला दाखवू? तो हसत नाही, चिडतही नाही. शिक्का शोधतो. २३ पोचा, प्रत्येकीवर तारीख. त्यातल्या एका अर्जावर जॉबकार्डाचा क्रमांक पुसट आलाय, तो ऑपरेटर दीदी स्वतः शोधून देते.

मजुरीचं पुढचं चक्रही मी इथेच विचारून घेते. मस्टर आठवड्याचं. ते बंद झालं की मोजमाप, मग पुस्तिका, मग देयक, मग दोन सह्या होऊन एफटीओ, म्हणजे बँकेला पैसे सोडण्याचा हुकूम. १५ दिवसांत मजुरी खात्यात यायला हवी. उशीर झाला तर सोळाव्या दिवसापासून रोज ०.०५ टक्के भरपाई. सहा दिवसांच्या १,७८२ रुपयांवर ती दिवसाला ८९ पैसे होते. ज्या घरात संध्याकाळचं मीठ-तेल त्याच पैशातून यायचं असतं, त्या घराला ८९ पैशांनी उशीर भरून निघत नाही. ते घर किराणावाल्याकडे किंवा मुकादमाकडेच जातं. मला कुणी विचारलं की या योजनेत एकच गोष्ट सुधारायची तर कोणती, तर मी दर वाढवण्याच्याही आधी वेळेवर मजुरी म्हणेन.

दुपारी पावणेदोन

बाजारातलं बँक मित्राचं दुकान. १ जानेवारीपासून मजुरी आधारला जोडलेल्या खात्यातच जाते. एका काकींचा अंगठा यंत्र घेत नाही. भात लावून, दगड उचलून रेषा झिजल्यात. बोटं धुतात, पुसतात, दुसरं बोट लावतात. चौथ्या बोटाला पैसे निघतात. निघाले नसते, तर एसटीचं भाडं वाया आणि उद्याचा रोजही.

दुपारी साडेतीन

परत पाड्यावर. ऊन इतकं की कोंबड्या झोपडीच्या आत.

एक आजी वाट बघत बसल्यात. मुलगा गेला, सून दुसरीकडे. त्यांना काम हवंय. खोदणं त्यांना झेपणार नाही हे त्यांनाही कळतं. "पाणी वाटीन," त्या म्हणतात. पाणी वाटायला माणूस घेता येतो आणि त्याला पूर्ण मजुरी असते, तर तो अर्ज करायचाच. पण आणखी दोन-तीन वर्षांनी तेही होणार नाही.

काम देऊन गरिबी हटवणाऱ्या प्रत्येक योजनेची कसोटी अशा माणसापाशी लागते. इथिओपियानं २००५ मध्ये मोठी योजना सुरू केली. दरवर्षी ठरावीक महिन्यांत ज्यांच्या घरी धान्य पुरत नाही, अशा लाखो कुटुंबांना बांधबंदिस्ती, रस्ते, झाडं लावणं अशी कामं मिळतात आणि रोख पैसे किंवा धान्य मिळतं. त्याच योजनेत दुसरा भाग आहे: म्हातारे, आजारी, घरात काम करणारं कुणी नसलेले, यांना कामाविनाच मदत. दोन्ही एकाच यादीतून. आपल्याकडे तो दुसरा भाग वेगळ्या दाराआड आहे. संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेतून महिन्याला १,५०० रुपये मिळतात, पण त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा आणि तहसीलच्या फेऱ्या. आजींचा जन्म कुठेच नोंदलेला नाही. मतदार यादीतलं वय, आधारवरचं वय आणि त्यांना आठवतं ते वय, तिन्ही वेगळी. मी कागद पिशवीत ठेवते. हे काम लांबणार आहे, पण होईल.

संध्याकाळी पाच

मोगऱ्याच्या वाडीत. वाडी म्हणजे फार नाही, काही गुंठे. रोजगार हमीतून फळबाग लागवड महाराष्ट्रात १९९० पासून चालू आहे. आंबा, काजू आधीचे, मोगरा इकडे अलीकडचा. आपल्याच जमिनीत खड्डे खणायचे, रोपं लावायची, जगवायची, आणि त्याची मजुरीही मिळवायची. इथल्या कळ्या पहाटे निघून दादरच्या फुलबाजारात पोचतात. दादा-वहिनी उद्याच्या तोडणीची तयारी करतायत. दोघंही यंदा भट्टीवर गेले नाहीत, आणि मुलगा गावच्या शाळेत परीक्षेला बसला.

सकाळचे सर खड्ड्यांबद्दल बोलले होते, त्यांना इथे आणायला हवं. चरांमुळे पाणी मुरतं, बांधामुळे भात उभं राहतं, मोगऱ्यामुळे हातात रोख येते. एक परिणाम तर डोळ्यांना दिसतच नाही. आंध्र प्रदेशात योजनेची मजुरी वेळेवर आणि थेट मजुराच्या हातात पडू लागली, तेव्हा काय झालं याचा अभ्यास कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर यांनी केला. गरीब घरांची मिळकत वाढली, पण वाढीचा मोठा भाग योजनेच्या पैशाचा नव्हता. शेतावरची, बाजारातली मजुरी वाढली होती. गावात काम आहे म्हटल्यावर मजूर पडेल त्या भावाला 'हो' म्हणत नाही. आमच्याकडेही मुकादमाला हे कळतं. ज्या वर्षी दसऱ्याला गावात काम चालू असतं, त्या वर्षी तो उचल देताना दर वाढवून बोलतो.

रात्री आठ

अंगणवाडीपुढच्या अंगणात बैठक. एका बल्बखाली पन्नासेक माणसं, बाया जास्त.

पोचा वाटून होतात. ज्याची पोच त्याच्याच जॉबकार्डात राहील, माझ्याकडे नाही. ९ मेला काम उघडलं नाही तर १० तारखेला भत्त्याचा अर्ज, तोही सगळ्यांनी मिळून.

मग बचत गटाच्या बाया शेळ्यांचा विषय काढतात. रोजगार हमीतून शेळ्यांचा गोठा मिळतो, शेळी मिळत नाही. बांगलादेशात ब्रॅक संस्थेनं २००२ मध्ये अतिगरिबांसाठी सुरू केलेला कार्यक्रम मी त्यांना सांगते: दोन-चार जनावरं, ती वाढेपर्यंत पोटापुरता भत्ता, बचतीची सवय, आणि दर आठवड्याला घरी येऊन विचारपूस करणारं माणूस. असाच कार्यक्रम भारतासह ६ देशांत तपासला गेला. २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, आणि मदत थांबल्यावर वर्षभरानंतरही त्या घरांची कमाई व खाणं-पिणं सुधारलेलंच होतं. एक काकी लगेच म्हणतात, "शेळी देतील, पण पावसात मेली तर?" बरोबर प्रश्न आहे. म्हणूनच आठवड्याची भेट, लस आणि गोठा हे सगळं शेळीसोबतच हवं. गोठ्याचे अर्ज ग्रामपंचायतीत द्यायचे आणि शेळ्यांसाठी गटाकडून कर्ज मागायचं, असं ठरतं. पशुवैद्यकाला आधी बोलवायचं, मग शेळ्या आणायच्या, ही काकींची अट सगळ्यांना मान्य होते.

शेवटचा विषय दसऱ्याच्या कामांचा. मुकादम येण्याआधी गावात काम उघडलेलं असायला हवं, त्यासाठी यादी आत्ता लागते. पुरुषांना रस्ता हवा, बायांना विहिरीचा गाळ काढायचा आहे आणि वरच्या ओहोळावर दगडी बांध हवा. वाद बराच चालतो. रस्त्यानं दवाखाना जवळ येईल हेही खरं, पण बाया अडून बसतात: दोन तास पाण्यात जातात ते कुणाचे? हात वर होतात. पहिली विहीर, दुसरा बांध, तिसरा रस्ता. अंदाजपत्रकं पावसाआधी व्हायला हवीत, नाहीतर ती दिवाळीपर्यंत लटकतात. पीटीओला सोमवारी पाड्यावर बोलवायचं, आणि एसटी त्या दिवशी उशिरा असते म्हणून त्यांना आणायला मोगरेवाले दादा मोटरसायकल घेऊन जातील.